गिऱ्हाईक, पेशंट की लाभार्थी?

मागच्या टर्ममध्ये इंग्रजीच्या तासाला रुग्णालयाच्या नावे पत्र लिहायचे होते. मी आजोबांसाठी अपॉइंटमेंट मागितली आणि लिहिले, 'माय ग्रँडफादर इज युवर ओल्ड कस्टमर.' सरांनी 'कस्टमर'भोवती लाल गोल काढला. म्हणाले, "हॉस्पिटल म्हणजे किराणा दुकान आहे का?" त्या दिवशी वर्गाने माझेच गिऱ्हाईक केले!

चूक कुठून आली, ते नंतर कळले. दुकानात खरेदी करणारा आणि वीजबिलावर ज्याचा क्रमांक असतो तो, दोघेही मराठीत ग्राहकच. इंग्रजीत मात्र विकत घेतो तो कस्टमर आणि वापरतो तो कन्झ्युमर. आई कॅन्टीनमधून साबण घेते, तेव्हा ती कस्टमर. तो वापरणारे आम्ही सगळे कन्झ्युमर. दिल्लीत हिंदीत कन्झ्युमरला 'उपभोक्ता' म्हणतात. म्हणून महाराष्ट्रातला 'ग्राहक संरक्षण कायदा' इथे 'उपभोक्ता संरक्षण अधिनियम' होतो. कायदा एकच, आधी १९८६ चा, आता २०१९ चा.

क्लायंट म्हणजे सल्ला किंवा व्यावसायिक सेवा घेणारा. वकिलाचा क्लायंट म्हणजे आपला अशील. डॉक्टरकडे येतो तो पेशंट, मेट्रोत बसतो तो पॅसेंजर, हॉटेलात उतरतो तो गेस्ट.

कधी कधी एकाच माणसाला दोन शब्द लागू होतात. पैसे देऊन उपचार घेणारा पेशंट कायद्याने कन्झ्युमरही असतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. म्हणून तो ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. पण २०२४ मध्ये याच न्यायालयाने वकिलांची सेवा या कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे शब्द बदलला की हक्कही बदलतो.

रविवारी फोनवर ही गंमत आजोबांना सांगितली. ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. आधी खूप हसले, मग म्हणाले, "मला तर बेनिफिशियरी म्हणतात. शब्द चूक नसेल रे, पण कुणीतरी उपकार करतंय असं वाटतं."

मी पाहिले. माजी सैनिकांची 'ईसीएचएस' ही आरोग्य योजना एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली. नावातला 'सी' म्हणजे काँट्रिब्युटरी, म्हणजे जिच्यात सदस्यही आपला वाटा भरतात अशी. आजोबांनी आपला वाटा भरूनच कार्ड घेतले आहे. लाभार्थी म्हटले की घेणे तेवढे दिसते, दिलेले दिसत नाही.

मी पत्र पुन्हा लिहिले. उपचाराच्या ओळीत 'पेशंट', योजनेच्या ओळीत 'मेंबर'. सरांनी या वेळी गोल काढला नाही.

मित्रांनो, अशा वेळी तीन प्रश्न विचारा: पैसे कोण देतो? सेवा कोण वापरतो? दोघांमधले नाते कोणते? आणि जमले तर त्या माणसालाही विचारा, तुम्हाला काय म्हटलेले आवडेल? हा चौथा प्रश्न मला आजोबांनी शिकवला.