आजचा मान्ना

वाचन : निर्गम १६, गणना ११:४-९, यहोशवा ५:१०-१२.

आजच्या पाठाचा विषय दिसण्यांत लहान आहे, परंतु त्याची गरज घरोघरीं आहे. दिवस उजाडतो व मावळतो, आणि आपण त्यांत असूनहि नसतों. चुलीपुढें भाकरी भाजतांना मन सोसायटीच्या हप्त्याकडे असतें. मूल शाळेंतली कविता म्हणून दाखवितें, आणि आपण नुसतें "हूं" म्हणून हातांतल्या मोबाईलकडे पाहत राहतों. असा गेलेला दिवस कोणी वहींत तोटा म्हणून लिहीत नाहीं, तरी तो तोटाच होय. याविषयीं मान्न्याच्या वृत्तांतावरून काय शिकावें, हें आपण पाहूं.

मिसर देशांतून निघाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या १५ व्या दिवशीं इस्राएल लोक एलीम व सीनाय यांच्यामधील सीन नामक रानांत आले. तेथें ते भुकेमुळें कुरकुर करूं लागले. मग सकाळीं दंव उडून गेल्यावर भूमीवर कांहीं बारीक पदार्थ पसरलेला त्यांस दिसला. तो धण्यासारखा असून पांढरा होता, व त्याची चव मध घातलेल्या पोळीसारखी होती. हें काय आहे, असें ते एकमेकांस विचारूं लागले, आणि इब्री भाषेंतील त्या प्रश्नावरूनच त्या अन्नास मान्ना हें नांव पडलें. पुढें ४० वर्षें तें अन्न त्यांस मिळत गेलें. नांव रोज तोंडीं असे, परंतु त्यांतला प्रश्न व त्यांतलें नवल लवकरच ओसरलें. रोज मिळणाऱ्या वस्तूचें आपल्याकडूनहि असेंच होतें.

१. उद्यांचें भय.—प्रत्येक माणसामागें एक ओमर, म्हणजे सुमारें दोन लिटर मावेल इतका मान्ना रोज गोळा करावा, व सकाळपर्यंत त्यांतलें कांहीं ठेवूं नये, अशी आज्ञा होती. तरी कित्येकांनीं तो ठेविला. त्यांत किडे पडले व त्यास दुर्गंधि सुटली. उद्यांच्या भीतीनें दडविलेल्या अन्नानें उद्यांचें पोट भरलें नाहीं.

तर मग शेतकऱ्यानें बियाणें राखूं नये काय? अवश्य राखावें. सहाव्या दिवशीं दुप्पट गोळा करावें, असें त्याच अध्यायांत सांगितलें आहे, आणि शब्बाथासाठीं ठेविलेला तो मान्ना नासला नाहीं. यावरून तरतूद व चिंता यांतील भेद कळतो. उन्हाळी कांदा निवडून चाळींत भरणें ही तरतूद होय. रात्रीं अंथरुणावर पडून त्याचा भाव दहा वेळां मनांत मोजणें ही चिंता होय. तरतुदीचें काम हात धुतले कीं संपतें; चिंतेचें काम संपत नाहीं, व तिच्यामुळें शेजारीं झोपलेल्या लेकराचा श्वासहि आपणांस ऐकूं येत नाहीं.

२. कालची ओढ.—गणनेच्या ११ व्या अध्यायांत लोक मान्न्यास कंटाळलेले दिसतात. मिसरांतील मासे, काकड्या, खरबुजें, कांदे व लसूण त्यांस आठवले. विटांचें काम व मुकादमांचे फटके मात्र त्या आठवणींत नव्हते. आपल्याहि गांवांत असें बोलणें ऐकूं येतें कीं, पूर्वींची माणसें चांगलीं, पूर्वींचा पाऊस चांगला, पूर्वींची मंडळी चांगली. अशी निवडक आठवण आजचें ताट फिकें करिते.

परंतु स्मरण करणेंच वाईट, असें नाहीं. एक ओमर मान्ना पात्रांत भरून पुढील पिढ्यांसाठीं ठेवण्यांत आला होता. आजवर आपला निभाव कसा लागला, हें त्यावरून मुलांबाळांस कळावयाचें होतें. ज्या आठवणीनें आजच्या दिवसाचा उपकार अधिक कळतो, ती राखावी.

श्रीमती लक्ष्मीबाई टिळक यांचीं "स्मृतिचित्रें" १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. १८९५ सालीं पति ख्रिस्ती झाल्यावर त्यांनीं ताटातूट सोसली, आणि दारिद्र्यहि पाहिलें. तरी त्या ग्रंथांत चूल, प्रवास, पाहुणे, मुलें, रुसवे व हंसूं यांची हकीकत पानोपानीं आहे. जिनें हे लहान प्रसंग घडतांना नीट पाहिले नसते, तिला ते म्हातारपणीं लिहितां आले नसते.

३. रानांतला दिवस.—कोणी म्हणेल, "आमच्या घरीं दुखणें आहे, डोक्यावर कर्ज आहे, आजच्या दिवसांत गोड मानावें असें काय आहे?" अशा बंधुभगिनींस, आनंदी राहा, असें नुसतें सांगणें निर्दयपणाचें होईल. येथें एवढेंच पाहावें कीं, मान्ना रानांत मिळाला. तो मिळाल्यानें रान संपलें नाहीं, वाट तुटली नाहीं. त्या दिवसापुरती भूक मात्र भागली. दुखणाइताच्या उशाशीं बसलेल्या बाईस शेजारीण पेजेचा वाडगा आणून देते व घटकाभर बसते. त्यानें आजार जात नाहीं. तरी तो वाडगा त्या दिवसाचा मान्ना आहे, व तो ओळखून घेतला असतां उठून पुढें चालण्याचें बळ येतें.

४. ऊन चढण्यापूर्वीं.—ऊन तापलें म्हणजे मान्ना वितळून जाई. म्हणून तो सकाळींच वेंचावा लागे. शेवटीं गिलगालाजवळ वल्हांडण सण झाल्यावर लोकांनीं कनान देशाचें धान्य खाल्लें, आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. आजचा मान्ना शेवटचा आहे, असें त्यांस आदल्या सकाळीं कळविल्याचें त्या वृत्तांतांत नाहीं. नातवाचे बोबडे बोल, म्हाताऱ्या आईनें दारांतून मारलेली हांक, धन्यानें बैल सोडतांना गुणगुणलेलें गीत, हींहि एक दिवस बंद होतात, व त्यांची सूचना आगाऊ येत नाहीं. म्हणून तीं आहेत तोंवर कान देऊन ऐकावींत.

या आठवड्यांत प्रत्येक कुटुंबानें एक अभ्यास करावा. रात्रीं प्रार्थनेस बसण्यापूर्वीं लहानथोरांनीं आज पाहिलेली किंवा ऐकलेली एकेक गोष्ट सांगावी. ती मोठी नसावी. विहिरीचें पाणी, गरम भाकर, शेजाऱ्याचा एक शब्द, एवढी पुरे. ज्यास कांहींच आठवणार नाहीं, त्यास रागें भरूं नये. उद्यां त्यास प्रथम विचारावें.

मनन करण्यासाठीं प्रश्न :

(१) सहाव्या दिवशीं ठेविलेला मान्ना व इतर दिवशीं दडविलेला मान्ना यांत काय भेद होता?

(२) मिसराची आठवण करितांना लोक काय विसरले?

(३) आज सकाळपासून आपल्या घरांत असें काय घडलें कीं, तें अद्यापि कोणीं उचलून घेतलें नाहीं?