तिला लेन कुठे मिळेल?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, पहाटे पाचला पोरांना तलावावर सोडून गाडीतच चहा पिणाऱ्या आईबाबांनो, आज तुमच्याशी जरा मनातलं बोलायचंय.

आमची लेक ब्रेस्टस्ट्रोक पोहते. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी एका मोठ्या विद्यापीठाच्या कोचनं तिला वॉक-ऑन म्हणून संघात घेण्याचं कबूल केलं. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्ती नाही, पण संघात नाव. आम्ही हुरळून गेलो. विद्यापीठाचं नाव छापलेला टी-शर्ट मी साताऱ्याला आईकडे पाठवूनही दिला. आणि २०२५च्या एप्रिलमध्ये कोचचा फोन आला, संघात जागा उरली नाही. प्रवेश कायम होता, पोहणं मात्र संपलं होतं.

त्या वर्षी हे पुष्कळ घरांत घडलं. खेळाडूंना विद्यापीठांनी थेट पैसे द्यावेत, अशी तडजोड न्यायालयात व्हायची होती. जूनमध्ये ती मंजूर झाली. तिच्यात सामील होणाऱ्या विद्यापीठांना प्रत्येक खेळाच्या संघात किती जणांना ठेवायचं याची मर्यादा पाळावी लागणार होती, म्हणून कोचनी आधीच नावं कमी करायला घेतली. पहिला घाव बसला तो शिष्यवृत्ती नसलेल्या मुलांवर.

लेक म्हणाली, "मला पोहायचंय. मी कम्युनिटी कॉलेजला जाते."

खरं सांगते, तो शब्द माझ्या घशाखाली उतरेना. बारा वर्षं मराठी शाळा, गणिताचे क्लास, पहाटेचे सराव, आणि शेवटी हे? मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर काय सांगायचं, हाच विचार रात्रभर डोक्यात होता. ती लाज माझी होती, लेकीची नव्हती, हे कळायला मला बरेच दिवस लागले. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय.

पैशाचं आधी सांगून टाकते. आपल्या राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, तिथे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जाता येतं. इथल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे १५ युनिटांच्या सत्राचे ६९०. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसवर राहून शिकायचं तर वर्षाला ४० हजारांच्या वर जातात. इथली कम्युनिटी कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, हे खरं. पण विद्यापीठीय खेळांच्या तिसऱ्या डिव्हिजनमधली विद्यापीठंही देत नाहीत आणि आयव्ही लीगवालेही देत नाहीत. "खेळाच्या जोरावर शिक्षण फुकट" हे आपण मनात धरलेलं चित्र फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतं.

पैशापेक्षा मोलाचं आहे ते प्रत्यक्ष खेळायला मिळणं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जे मूल बाकावर बसून राहतं, ते कुणाला दिसत नाही. फुटबॉलमधला आरन रॉजर्स चिकोच्या हायस्कूलमधून बाहेर पडला, तेव्हा पहिल्या डिव्हिजनच्या एकाही विद्यापीठानं त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. तो जवळच्याच ब्यूट कॉलेजात गेला. बर्कलीचे कोच तिथे आले होते ते त्याच्या संघातल्या दुसऱ्याच खेळाडूला बघायला, आणि नजरेत भरला हा. आपली मुलं रॉजर्स होणार नाहीत, तशी अपेक्षाही नको. पण कोच आला तेव्हा तो मैदानात होता, एवढं लक्षात ठेवा.

आता काळजीच्या गोष्टी, कारण इथे चुकलं तर मुलांची वर्षं वाया जातात. पाच वर्षांत चार हंगाम, हा पहिल्या डिव्हिजनचा अनेक दशकांचा नियम. मूल कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ दाखल झालं की ते घड्याळ सुरू होतं, कम्युनिटी कॉलेजातसुद्धा. गेल्या काही वर्षांत न्यायालयांत या नियमावरून बरीच भांडणं झाली आहेत, म्हणून प्रवेशाच्या आधी ताजा नियम लेखी विचारून घ्या. खेळायचं तर सत्राला किमान १२ युनिटं हवीत. पण कुठलीही बारा घेऊन भागत नाही, पुढच्या विद्यापीठात धरली जाणारी हवीत. सरावाच्या वेळा सांभाळायला म्हणून सोपे विषय घेतलेली मुलं दोन वर्षांनी अडकलेली मी पाहिली आहेत. कोच चांगला असला तरी विषय ठरवायला काउन्सेलरकडेच बसा, आणि पहिल्याच सत्रात बसा.

एक सोय मात्र आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. डेव्हिस, सांता बार्बरा, सांता क्रूझ, अर्व्हाइन, रिव्हरसाइड आणि मर्सेड हे सहा कॅम्पस ठरलेले विषय आणि गुण पुरे करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी देतात. तिला टॅग म्हणतात. अर्ज एकाच कॅम्पससाठी करता येतो, आणि संगणकशास्त्रासारख्या शाखा बऱ्याच ठिकाणी त्यातून वगळलेल्या आहेत. हमी वर्गातल्या जागेची आहे, संघातल्या नाही. त्या कॅम्पसवर मुलाचा खेळ आहे का, हे आधी बघा. कोचशी बोलणं वेगळंच करावं लागतं, आणि ते मुलानं स्वतः करायचं, आपण नव्हे.

लेकीचं पहिलं वर्ष झालं. शाळेपेक्षा तिची वेळ सुधारली आहे, कारण प्रत्येक स्पर्धेत तिला उतरायला मिळालं. येत्या सप्टेंबरात डेव्हिससाठी टॅगचा अर्ज भरायचाय, तिथल्या कोचना ईमेल तिनं परवाच पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर रोज पहाटे तिला सोडायला मीच जाते, मंडळात कुणी विचारलं की कॉलेजचं नाव सांगते.