लांब पल्ल्याची सायकल मोहीम

निशातगंजच्या पुलावर पहाटे सराव करताना मला उमगले की मोहीम पायांइतकीच मनाची असते. दर आठवड्याला अंतर थोडेच वाढवावे. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी. तहान लागण्याआधी पाणी प्यावे. पुढचा सायकलस्वार वारा कापतो, मागच्याचे श्रम वाचतात. म्हणून पुढची जागा आळीपाळीने घ्यावी. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आळीपाळीनेच सायकल चालवून अमेरिका ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत ९ दिवसांच्या आत पूर्ण केली. पायात गोळा आला तर लगेच सांगावे. लपवलेले दुखणे पुढे सगळ्या तुकडीला थांबवते. वेग सर्वांत मागच्याचा धरावा. तो पोहोचला म्हणजेच तुकडी पोहोचली.