जोडशब्द तोडायचा कुठे? फ्रेंच शब्द आणि आपल्या टाळ्या



माझी भाची आठवीत फ्रेंच शिकते. मला तेव्हा फ्रेंच येत नव्हतं, तरी मदत म्हणून मी तिच्या शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहून दिले, एकेक अक्षर बघून. बटाट्याला लिहिलं 'पोम्मे दे तेर्रे'. तोंडी परीक्षेत तिनं तेच म्हटलं आणि वर्ग हसला. चूक माझी होती. मग मी तिच्यासोबत शिकायला बसले. त्यातलं जोडशब्दांपुरतं इथे देते.

१) लिहिण्याचे तुकडे वेगळे, बोलण्याचे वेगळे. बटाटा म्हणजे 'जमिनीतलं सफरचंद'. लिहिताना पाच तुकडे पडतात, बोलताना तीनच: पॉम-द-तेर. 'पॉम' आणि 'तेर' यांच्या शेवटी 'ई' हे अक्षर लिहितात, पण ते ऐकू येत नाही.

२) मधली आडवी रेघ बघून थांबायचं नाही. इंद्रधनुष्य म्हणजे 'आर्क-आँ-स्येल', आकाशातली कमान. बोलताना 'क' पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो: आर-काँ-स्येल. अनेकवचनात 'आर्क'ला 'एस' जोडतात, पण उच्चार तोच राहतो.

३) मुकं अक्षर कधी कधी बोलू लागतं. आजोबा म्हणजे 'ग्राँ-पेर'; यात 'ग्राँ'च्या शेवटचा 'डी' मुका. पण आजोबांच्या भावाला म्हणताना पुढे स्वर येतो आणि तोच 'डी' 'त' होऊन उमटतो: ग्राँ-तोंक्ल.

४) कधी सांधा आठवणीत राहतो. दोन स्वरांमधल्या एकट्या 'एस'चा उच्चार फ्रेंचमध्ये 'माझा'मधल्या 'झ'सारखा होतो. घर म्हणजे 'मेझों'. पण उन्हाची छत्री 'पारासॉल'च राहते, कारण 'सॉल' हा वेगळा भाग जोडलेला आहे. सूर्यफुलाचंही तसंच: तूर-न-सॉल.

आता आपल्या दुसरीच्या वर्गात या. मूल 'दे-व-घ-र' असं वाचतं आणि आपण चिडतो, 'नीट वाच!' अहो, त्यानं अक्षरं बरोबरच वाचलेली असतात. बोलताना 'देव-घर' अशा दोनच टाळ्या पडतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. 'देव'मधला शेवटचा 'अ' गळतो, 'पॉम'मधल्या 'ई'सारखाच. 'सूर्यफूल'मध्ये मात्र जोडाक्षरामुळे 'य'मधला 'अ' टिकतो. टाळ्या तीन: सूर-य-फूल. 'तूर-न-सॉल'मध्येही व्यंजनांची गर्दी होते म्हणून मधला स्वर टिकतो. टाळ्या तीनच!

म्हणून माझा क्रम आता बदलला आहे. आधी शब्द ऐकवायचा, मग मुलांनी म्हणायचा, टाळ्या मोजायच्या आणि शेवटी फळ्यावर लिहायचा. उद्या फळभाजी, देवघर, सूर्यफूल हे तीन शब्द घेऊन बघा. जे मूल अडखळेल त्याला हसू नका, कुणाला हसूही देऊ नका. माझी भाची त्यानंतर महिनाभर वर्गात फ्रेंच बोलली नव्हती.