घशाची सूज आणि हृदयाची झडप

मुलांचा घसा दुखणे ही घरोघरची बाब असल्याने तिकडे सहसा दुर्लक्ष होते. बहुतेक वेळा तो आपोआप बराही होतो. परंतु स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजला आणि उपचार अपुरे राहिले, तर विशेषतः ५ ते १५ वर्षे वयाच्या मोजक्या मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक फिव्हर, म्हणजेच संधिवाताचा ताप उद्भवतो. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र कायम राहू शकते.

घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू केल्यास हा विकार टळू शकतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या १० दिवस पूर्ण घ्याव्यात. ताप एकदा येऊन गेल्यास दर २१ दिवसांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

येथेच आपल्या जिल्ह्याची अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, जिंतूर भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडणीस जातात आणि इंजेक्शनांचा क्रम तुटतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. तथापि अल्प किमतीचे इंजेक्शन आणि झडपेची शस्त्रक्रिया यांतील अंतर कोणासही उमगेल. पालकांनी नोंदकार्ड सोबत न्यावे व मुक्कामाजवळील सरकारी दवाखान्यात ठरलेल्या तारखेस इंजेक्शन घ्यावे, ही नम्र विनंती.