उंदीर नियंत्रणासाठी घुबडाची मदत

अशुभ समजून घुबडाला हुसकावले जाते. वास्तविक गव्हाणी घुबड रात्री गहू-हरभऱ्यातील उंदीर टिपते; दिवसा हेच काम कापशी घार करते. नाशिकच्या इंदिरानगरलगतच्या पाथर्डी, वडाळा शिवारात घरे वाढत गेली. अशा ठिकाणी या पक्ष्यांचा आसरा जपणे अधिक गरजेचे आहे.

ओळख : हिवाळ्यात सकाळी जुनी झाडे व पडके वाडे पाहावेत. खाली केस व हाडे असलेल्या काळपट गोळ्या आढळल्यास वर घुबडाचा मुक्काम समजावा. ही विष्ठा नव्हे. न पचलेला भाग घुबड तोंडावाटे टाकते. गोळी पाण्यात भिजवून उकलल्यास उंदरांच्या कवट्या मोजता येतात.

काय करावे?
१) ढोलीची झाडे तोडू नयेत.
२) पिकापेक्षा उंच, टी आकाराचे पक्षीथांबे लावावेत. दाणे खाणारे पक्षी बसू लागल्यास ते काढावेत.
३) संध्याकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेल्या बिळांतच विषारी आमिष टाकून तोंड बंद करावे.
४) मेलेले उंदीर खोल पुरावेत. ते खाल्ल्यास घुबडही दगावते.

घुबड पकडणे वा मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.