सुगम पाठ्यसाहित्य : कायदा आणि अर्थशास्त्र

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दिव्यांग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी ज्या विद्यार्थ्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी त्याचे ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा संगणकीय संहितेत रूपांतर करावे लागते. या रूपांतराच्या पहिल्या प्रतीचा खर्च मोठा असतो. पुढील संगणकीय प्रतीचा सीमान्त खर्च मात्र जवळजवळ शून्य. म्हणजेच रूपांतर एकदाच व्हावे व सर्वांना मिळावे, हे किफायतशीर.

मूळ कॉपीराइट कायदा (१९५७) येथेच आडवा येई. सुगम प्रतींसाठी त्यात सर्वसाधारण सूट नव्हती. ती मिळावी म्हणून झटणाऱ्यांत चेन्नईचे वकील राहुल चेरियन अग्रभागी होते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आले आणि ना-नफा तत्त्वावर सुगम प्रती तयार करून दिव्यांगांना देण्यास परवानगीची गरज उरली नाही. ही सूट केवळ दृष्टिहीनांपुरती नाही, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. जून २०१३ मध्ये माराकेश करार संमत झाला, तेव्हा चेरियन हयात नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते. २०१४ मध्ये या कराराला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. देशादेशांतील सुगम प्रतींची देवाणघेवाण त्यामुळे सुकर झाली. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

तरीही क्रमिक पुस्तकांची अडचण वेगळीच आहे. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे. परंतु अभ्यासक्रम बदलला की नेमलेली पुस्तके बदलतात, आणि परीक्षेनंतर हाती आलेल्या पुस्तकाचा उपयोग तो काय? त्यात तमिळ असो वा मराठी, जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात जुळवलेली फाइल स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरे वाटते. अर्थशास्त्रातील मागणी वक्राचे तर शब्दांत वर्णनच करावे लागते, किंवा स्पर्शाने कळणारी आकृती काढावी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व (किमान ४० टक्के) असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके विनामूल्य द्यावयाची आहेत, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. महाविद्यालयातील बहुतेक वर्षे त्यापुढची असतात. कॉपीराइट कायद्यातील सूटही रूपांतराची मुभा देते. प्रकाशकाने मूळ फाइल द्यावी, असे बंधन ती घालत नाही. त्यामुळे प्रकाशकाच्या संगणकात तयार असलेली संहिता महाविद्यालयात पानापानाने पुन्हा स्कॅन केली जाते.